दोन डोंगर, एक सूर्य आणि मेणखडू

सबमिशनची आदली रात्र होती. पहिल्या वर्षाची. खोलीत दोन खुर्च्यांच्या मध्ये खिडकीची काच आडवी टाकलेली, काचेखाली टेबल लॅम्प, काचेवर कुणा पुण्यवान माणसाची ‘ओरिजिनल’ शीट आणि तिच्यावर आमची कोरी शीट. थोडक्यात, जीटी जोरात चालू होती. ज्याला ग्लास ट्रेसिंग माहीत नाही तो इंजिनिअर होऊच शकत नाही असं आमचे सीनियर सांगायचे. त्या एका मूळ शीटवरून आमच्या विंगमध्ये अठरा शीट निघाल्या. मूळ शीटवर एक रेघ चुकली होती. ती अठराच्या अठरा शीटवर भक्तिभावाने उतरली होती.

...आणि लाइट गेली.

मोबाइलच्या बॅटऱ्या आधीच माना टाकून पडलेल्या. आमचा जळगावकर रूममेट मेणबत्ती शोधायला बॅगेत हात घालून बसला. मेणबत्ती काही सापडली नाही, सापडली एक मेणखडूंची पेटी. बारा खडू, त्यातले दोन मोडलेले. दिवाळीच्या सुट्टीहून परत येताना त्याच्या पाच वर्षांच्या भाचीने ती गुपचूप मामाच्या बॅगेत टाकली होती. मामा कॉलेजात ‘ड्रॉइंग’ काढतो एवढंच तिला कळलं होतं, म्हणून तिने आपली सगळी इस्टेट दान करून टाकली!

शेजारच्या खोलीतून मेणबत्ती आली. लाइट यायची लक्षणं दिसेनात. मग कुणीतरी म्हणालं, चला, बिघडलेल्या शीटच्या मागे चित्रं काढू. चौघे चार कोपऱ्यांत बसलो. अर्ध्या तासाने लाइट आली आणि चौघांनी आपापली चित्रं पुढे केली.

चौघांनीही एकच चित्र काढलं होतं! दोन त्रिकोणी डोंगर. मधून अर्धा सूर्य, किरणांसकट. डोंगरातून निघून खाली रुंद होत येणारी नदी. काठावर झोपडी, बाजूला वाकलेलं नारळाचं झाड आणि आकाशात इंग्रजी ‘व्ही’सारखे चार-पाच पक्षी.

आता गंमत बघा. जळगावकराच्या घराभोवती केळीची बाग आहे. झाडावर लागलेला नारळ त्याने पहिल्यांदा पाहिला तो दहावीच्या सहलीत. सोलापूरकर चाळीत वाढला, त्याच्या खिडकीतून दिसायची ती बंद पडलेल्या गिरणीची चिमणी. वर्ध्याच्या पठ्ठ्याच्या गावाला डोंगर नाहीच, नजर जाईल तिथवर कपाशी आणि तूर. राहिलो मी, कोकणातला. माझ्याकडे नारळ आहेत, डोंगरही आहेत. पण आमचा सूर्य मावळतो समुद्रात आणि आमचे डोंगर माथ्यावर सपाट असतात. तरी मीही तेच काढलं.

चार जिल्हे, चार घरं, चार बालपणं आणि चित्र एकच. त्या रात्री आम्ही पोट धरून हसलो. पण पुढचे काही दिवस ते हसू घशात अडकून राहिलं. म्हणजे जीटी आम्ही इथे येऊन शिकलो नव्हतो. दुसरी-तिसरीतच शिकलो होतो. फक्त तेव्हा खाली काच नव्हती, एवढंच.

तर मित्रहो, हा लेख मेणखडूची बाजू घेण्यासाठी आहे. माझं म्हणणं सरळ आहे. मेणखडू हे इंजिनिअरच्या हातात शोभणारं हत्यार आहे, ते आपण फार लवकर टाकून दिलं आणि त्याची किंमत आज इथे मोजतो आहोत. हसू नका, पुढे वाचा.

आधी खडूची ओळख

त्या रात्रीची मेणबत्ती आणि तो खडू ही सख्खी भावंडं. दोघांचंही अंग पॅराफिनचं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल रायखेनबाख याने १८३० साली हे मेण वेगळं केलं आणि पुढे खनिज तेलाच्या धंद्यातून ते स्वस्तात मिळू लागलं. खडू करताना हे मेण वितळवतात, त्यात रंगाची पूड मिसळतात, टाल्क किंवा मातीसारखा भराव घालतात आणि मिश्रण साच्यात ओतून पाण्याने थंड करतात. कडकपणासाठी स्टिअरिक आम्ल असतं. खडूची पेटी उघडल्यावर जो वास एकदम बालवाडीत नेऊन बसवतो, तो बराचसा त्याचाच.

आता हा खडू कागदावर उमटतो कसा? पॅराफिन म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या, एका रेणूत साधारण वीस ते चाळीस कार्बन. साखळी आतून भक्कम, पण एका साखळीची शेजारच्या साखळीवरची पकड अगदी सैल. म्हणून थर सहज सुटतात. आणि कागद आपल्याला गुळगुळीत वाटला तरी भिंगाखाली तो तंतूंचं जंगल असतो. फिटिंग शॉपमध्ये आपण जॉबवर कानस घासतो ना, इथे त्याच्या उलट. कानस म्हणजे कागद जागच्या जागी आणि जॉब म्हणजे खडू तिच्यावर फिरतो. जो भुसा पडतो, तेच आपलं चित्र. म्हणजे चित्रकला हा झिजण्याचा, ‘वेअर’चा विषय आहे. मेकॅनिकलवाल्यांनी छाती फुगवायला हरकत नाही.

शाळेत आपण दोन प्रकारचे खडू वापरले आणि बहुतेक वेळा त्यांची गल्लत केली. मेणखडू कडक, त्याचा थर पातळ आणि जरा फिकट बसतो. तेलखडूत मेणाबरोबर न वाळणारं तेल असतं, म्हणून तो मऊ, रंगाला भडक, बोटाने पसरवता येणारा आणि जरा जोर लावला की मोडणारा.

मेणखडूचे दोष मोजायला बसलो तर यादी मोठी होते. त्याला टोक राहत नाही. बारीक काम जमत नाही. एकावर दुसरा रंग नीट चढत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काढलेलं धड खोडता येत नाही, रबर घासलं तर डाग अजून पसरतो. ०.५ची पेन्सिल, ड्राफ्टर आणि महागडं रबर घेऊन बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हे हत्यार म्हणजे शिक्षाच वाटेल. पण याच दोषांमुळे लहान पोरगं बिनधास्त चित्र काढतं. टोक नाही, म्हणून ते तपशिलात अडकत नाही, आधी मोठा आकार पकडतं. खोडता येत नाही, म्हणून चुकलेल्या रेघेचं पुढे काहीतरी करतं. चुकलेल्या गायीचा घोडा होतो, घोड्याचा डोंगर होतो. आपण मात्र एक रेघ चुकली की शीट फाडतो.

खडू काही पोरांसाठी जन्मला नव्हता

मेणात रंग कालवायची कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमधल्या फायूम भागात पहिल्या ते तिसऱ्या शतकांत मृत माणसांचे चेहरे लाकडी फळ्यांवर रंगवून ममीवर बसवत. त्यातले अनेक चेहरे मधमाश्यांच्या वितळलेल्या मेणात रंग मिसळून काढलेले आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली, पण ते डोळे अजून आपल्याकडे बघतात.

पुढे १७९६च्या सुमारास बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने शिळाछापाची, म्हणजे लिथोग्राफीची युक्ती काढली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वर तेलकट शाई फिरवायची. ओल्या दगडाला शाई चिकटत नाही, खडूच्या रेघेला चिकटते. कागद दाबला की छाप तयार. हा खडू मेण, साबण आणि काजळीचा. तेल आणि पाण्याच्या भांडणावर एक अख्खा उद्योग उभा राहिला. आपल्याकडे राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुणे-लोणावळा लोकलने जाता-येता ते स्टेशन लागतं बघा. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. आजीच्या देवघरातली कमळावरची लक्ष्मी अशा दगडांवरून घराघरांत पोचली.

आणि आता खास आपल्या गोटातली गोष्ट. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पीकस्किल गावी जोसेफ बिनी याने १८६४ साली रसायनांचा कारखाना काढला. माल कुठला, तर काजळी, कोळसा आणि धान्याच्या कोठारांना लावायचा लाल रंग. १८८५ साली त्याचा मुलगा एडविन बिनी आणि भाचा सी. हॅरॉल्ड स्मिथ यांनी भागीदारी केली, ‘बिनी अँड स्मिथ’. त्यांचा एक माल होता मेण आणि काजळीचा जाड काळा खडू. गिऱ्हाईक कोण? गोदामं आणि कारखाने. लाकडी खोकी, पिंपं यांच्यावर खुणा करायला. साधा खडू ओल्या किंवा तेलकट पृष्ठभागावर टिकत नाही, मेणाचा टिकतो. हीच कंपनी टायरवाल्यांनाही काजळी पुरवत असे. टायर काळं असतं ते काजळीमुळे आणि त्या काजळीनेच ते कमी झिजतं.

माल विकायला हे लोक शाळांतही जात. १९००च्या सुमारास त्यांनी पाटीवरच्या पेन्सिली काढल्या, १९०२ साली धूळ न उडणारा फळ्याचा खडू काढला. शाळांत त्यांच्या लक्षात आलं की मुलांना स्वस्त रंगीत खडू हवे आहेत. कारखान्यातला काळा खडू होताच. त्यातली काजळी काढून बिनविषारी रंग घातले, आकार लहान केला आणि १९०३ साली आठ खडूंची पेटी पाच सेंटला बाजारात आणली. नाव ‘क्रेयोला’. हे नाव दिलं एडविनची बायको ॲलिस हिने, ती आधी शिक्षिका होती. फ्रेंचमध्ये खडूला ‘क्रे’ म्हणतात आणि तेलकटसाठीच्या इंग्रजी शब्दातून ‘ओला’ घेतलं. मेणखडू करणारे ते पहिले नव्हेत, त्याआधीही लोक करत होते. पण गोदामातलं हत्यार प्रत्येक पोराच्या खिशाला परवडेल असं त्यांनी केलं.

म्हणजे ज्याला आपण बालवाडीचा खाऊ समजतो, तो मुळात शॉप फ्लोअरवरून आला आहे. आणि त्याचे भाऊबंद अजून तिथेच आहेत. वेल्डिंगवाल्यांकडचा थर्मल चॉक पाहिलाय? ठराविक तापमानाला वितळणारा खडू. प्लेट तापवताना त्याने रेघ मारायची, रेघ वितळली की समजायचं प्लेट त्या तापमानाला पोचली. ना वायर, ना बॅटरी!

जीटीविरुद्धचं पहिलं बंड

आता जपानची गोष्ट सांगतो, कारण हा लेख मी खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतला. शंभर वर्षांपूर्वी जपानी शाळांत चित्रकला म्हणजे पुस्तकातलं चित्र हुबेहूब उतरवणं. जो जास्त हुबेहूब उतरवेल त्याला जास्त मार्क. ओळखीचं वाटतंय ना?

कानाए यामामोतो नावाचा चित्रकार पॅरिसहून रशियामार्गे मायदेशी परतला आणि त्याने या पद्धतीविरुद्ध आवाज उठवला. मुलांना समोरचं जग बघू द्या आणि त्यांना दिसेल तसं काढू द्या, एवढंच त्याचं म्हणणं. १९१९ साली नागानो प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत त्याने मुलांच्या स्वतंत्र चित्रांचं प्रदर्शन भरवलं. तिथून ही चळवळ जपानभर पसरली.

ज्यांच्यापर्यंत ती पोचली त्यांत रिंझो साताके आणि शुकू सासाकी हे दोन शिक्षक होते. त्यांनी निव्वळ टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना दिसलं की मुलाला मोकळेपणाने काढायला सांगायचं तर तसं साहित्यही हातात द्यायला हवं. काळी शाई आणि कुंचला घेऊन अक्षरं गिरवणाऱ्या हाताला रंग हवा, तोही भरपूर. त्यांनी १९२१ साली खडूची कंपनी काढली, तीच आजची ‘साकुरा’. आधी मेणखडूच केले, पण मेणखडूचा रंग त्यांना फिका वाटला. मग खटपट करून १९२०च्या दशकाच्या मध्याला मेण आणि तेल एकत्र करून मऊ, भडक खडू बनवला. आपला तेलखडू तो हाच!

म्हणजे बघा, नक्कल बंद व्हावी म्हणून जो खडू जन्मला, त्याच खडूने आपण शाळेत फळ्यावरचे दोन डोंगर उतरवून काढले. मुंबईत १९३१ साली दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेल्या ‘कॅमलिन’चे तेलखडू आपल्यातल्या बहुतेकांच्या दप्तरात होते. २०११ साली त्या कंपनीत ‘कोकुयो’ या जपानी कंपनीने मोठा हिस्सा घेतला. खडू आले, पुढे जपानी भांडवलही आलं, यामामोतोचं म्हणणं मात्र वाटेत कुठेतरी राहिलं.

यात शाळेतल्या बाईंना दोष देणं सोपं आहे. पन्नास-साठ पोरांचा वर्ग, आठवड्याला एक तास आणि दप्तरात चार मोडके खडू. बाईंनी फळ्यावर डोंगर काढला नाही तर करावं काय? पण कारण समजलं म्हणून परिणाम बदलत नाही.

पेटीतले रंगसुद्धा आपल्याला तयार उत्तरं देतात. अमेरिकेत त्या आठ खडूंच्या कंपनीच्या पेटीत पुढे ‘फ्लेश’ म्हणजे त्वचेच्या रंगाचा एक खडू होता. गुलाबी-पिवळट. १९६२ साली कंपनीने त्याचं नाव बदलून ‘पीच’ केलं, कारण सगळ्यांची कातडी काही त्या रंगाची नसते. आपल्याकडे मात्र पोरं अजूनही त्याला बिनदिक्कत ‘स्किन कलर’ म्हणतात. सावळ्या हातात धरलेल्या गुलाबी खडूला! आईचं चित्र काढताना आपण आईकडे बघितलंच नाही, पेटीवरचं नाव वाचलं. आकाश निळं, झाड हिरवं, माणूस स्किन कलर. झालं चित्र.

चुकण्यातून निघालेलं

नात्यातल्या लहान मुलीच्या खडूंनी मोठ्या माणसाचे डोळे उघडावेत, हे काही फक्त आमच्याच खोलीत घडलेलं नाही. इंग्लंडचे थोर शिल्पकार हेन्री मूर यांनी सांगून ठेवलं आहे की एका लहानगीला रमवण्यासाठी ते स्वस्तातल्या मेणखडूंनी चित्र काढत होते. वरून जलरंगाचा हात फिरवला तेव्हा दिसलं की मेणावर पाणी ठरत नाही, रेघा लख्ख राहतात आणि भोवती रंग साचतो. पुढे १९४०-४१ साली लंडनवर रात्ररात्र बॉम्ब पडत असताना लोक भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत झोपायला उतरत. मूर यांनी त्या झोपलेल्या माणसांची चित्रं याच युक्तीने काढली. अंधारातून वर येणारी पांघरुणं, उघडी तोंडं, एकमेकांना चिकटलेली शरीरं. युद्धाची आठवण म्हणून ती आज जगभर ओळखली जातात.

दुसरी गोष्ट अगदी आपल्या लॅबमधली. २००९ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात मास सुब्रमणियन यांच्या गटाचं काम चालू होतं. हे सुब्रमणियन आपल्या मद्रास आयआयटीतून पीएचडी झालेले. शोधत होते इलेक्ट्रॉनिक्ससाठी नवा पदार्थ, आणि बाराशे अंशांच्या आसपास तापवलेल्या भट्टीतून निघाली लख्ख निळी पूड. इट्रियम, इंडियम आणि मँगनीजची. हवी होती ती वस्तू मिळाली नाही, पण जगाला एक नवा निळा मिळाला. २०१७ साली क्रेयोलाने त्या निळ्यावरून प्रेरणा घेऊन नवा खडू काढला.

दोन्ही गोष्टींत काहीतरी ठरवल्याप्रमाणे झालं नाही आणि माणसाने ‘शीट फाडली’ नाही, थांबून बघितलं. जीटीमध्ये असं काही होऊच शकत नाही. तिथे फक्त दुसऱ्याची चूक अठरा वेळा उतरते.

पाना कुठून घालणार?

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण मशीन काही मेणखडूवर चालत नाही. तिथे मायक्रॉन लागतो. मान्य. कारखान्यात जाणारं ड्रॉइंग काटेकोरच हवं, त्यात कुणाच्या कल्पनेला वाव नको. पण ते ड्रॉइंग दुसऱ्याला सांगण्यासाठी असतं. स्वतःला सुचण्यासाठी जे काढावं लागतं ते वेगळं आणि ते आपल्याला कुणी करू दिलेलं नाही, आपणही केलेलं नाही.

याचा फटका आम्हाला यंदा बसला. बाजाच्या गाडीसाठी इंजिनाचं ब्रॅकेट करायचं होतं. टीममधल्या सगळ्यांना पहिल्या वर्षी ड्रॉइंगला उत्तम मार्क. चार दिवस लॅपटॉपला चिकटून मॉडेल केलं, गोल गोल फिरवून पाहिलं, रंगीत ॲनालिसिस केलं, कुठे लाल दिसेना म्हणून खूश झालो. प्लेट कापून आणली, वेल्ड केली. बसवायला गेलो तर एक बोल्ट असा ठिकाणी आला होता की तो आवळताच येईना.

वर्कशॉपमधले मामा हे सगळं लांबून बघत होते. ते आले, खिशातून पिवळ्या मार्किंग खडूचा तुकडा काढला आणि उकिडवे बसून फरशीवर काढायला लागले. आधी चेसिसचा पाइप, मग इंजिनाचा ढोबळ ठोकळा, मग आमचं ब्रॅकेट. रेघा वाकड्या, माप एकही नाही. शेवटी त्यांनी बोल्टजवळ पाना धरलेला हात काढला आणि तो हात थेट पाइपमध्ये घुसला.

“पाना कुठून घालणार?” मामांनी विचारलं.

दहा रेघांत जे दिसलं ते आम्हाला चार दिवसांत दिसलं नव्हतं. कारण स्क्रीनवर आम्ही फक्त ब्रॅकेट काढलं होतं. मामांनी ब्रॅकेट बसवणारा माणूस काढला. प्लेट भंगारात गेली, वर्गणीचे पैसे गेले, त्याचं एवढं वाटलं नाही. मामांनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आता तू काढ, कसं पाहिजे ते.” मी फरशीसमोर उकिडवा बसलो आणि माझा हात चालेना. सहा-सात पोरं बघत होती. चुकलं तर? शेवटी मी म्हटलं, “मामा, लॅपटॉपवर करून दाखवतो.” मामा काही बोलले नाहीत. पण इतकी लाज मला व्हायवातही कधी वाटली नव्हती.

त्या दिवशी मला आमची ती चार चित्रं आठवली. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे, मार्क आहेत, पण मनातलं कागदावर येण्याची वाट कधीच बुजून गेली आहे. आता तर एक वाक्य टाइप केलं की कॉम्प्युटर हवं ते चित्र काढून देतो. काचेखालचा दिवा फार मोठा झाला आहे, मित्रांनो. अशा वेळी स्वतःच्या हाताने वाकडी का होईना, पण आपली रेघ मारता येणं हे मला पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं वाटतं.

दोन-तीन सूचना

लेखाच्या शेवटी सूचना करायची आपल्या मॅगझिनची परंपरा आहे, ती मोडत नाही.

पहिली सूचना सरांना, हात जोडून. पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला ड्राफ्टर बंद ठेवा. प्रत्येकाला एकेक मेणखडू द्या आणि हॉस्टेलचा गळका नळ किंवा सायकलचं पेडल काढायला सांगा. आठवणीतून नको, समोर ठेवून. मार्क देऊ नका, फक्त बघा. आणि राग मानू नका, पण दरवर्षी तेच प्रॉब्लेम, त्याच शीट असतील तर आम्हाला जीटी करायला वरूनच सोय झाल्यासारखी होते. निदान प्रत्येक बॅचला एक वस्तू अशी द्या, जिचं ‘ओरिजिनल’ विंगमध्ये कुणाकडेच नसेल.

दुसरी सूचना मेस कमिटीला. हात धुण्याच्या बेसिनजवळच्या भिंतीवर मोठा कागद लावा आणि दोरीने खडू बांधून ठेवा. पहिले चार दिवस लोक काय काढतील ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे! पाचव्या दिवसापासून बघा.

तिसरी सूचना आपल्या सगळ्यांना, आणि ती करताना मी स्वतः काचेवर वाकलेला होतो हे विसरत नाही. जीटी सोडा असं सांगायला मी काही संत नाही. सबमिशनच्या रात्री कोण कुणाचं ऐकतो? पण जी शीट उतरवाल, तिच्यातला एक तरी भाग नंतर कोऱ्या कागदावर, न बघता, जाड खडूने काढून पाहा. नाही जमलं तर समजा की हात चालला, डोकं चाललं नाही.

जाता जाता त्या पेटीचं काय झालं ते सांगतो. खडू आमच्याच खोलीत राहिले. मूर यांची युक्ती वाचली तेव्हा करून पाहायचं ठरवलं. जलरंग नव्हते, म्हणून शाईची बाटली आणि जुना टूथब्रश घेतला. जळगावकर पांढरा खडू घेऊन पांढऱ्या कागदावर बराच वेळ काहीतरी खरडत होता. कागद कोराच दिसत होता, आम्ही टिंगल करत होतो. मग त्याने पातळ केलेल्या निळ्या शाईचा ब्रश फिरवला आणि कागदातून केळीची पानं वर आली. फाटलेली, खाली झुकलेली, आणि त्यांच्यावर तिरप्या पांढऱ्या रेघांचा पाऊस.

“हे आमच्या घरामागचं,” तो म्हणाला, “मागच्या जूनमध्ये वादळात सगळी बाग आडवी झाली ना, तेव्हाचं.”

दोन वर्षं एका खोलीत राहून हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. ते चित्र आता आमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलंय. येऊन बघून जा. पेटीत अजून सात खडू शिल्लक आहेत.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल